शेरा : घाई झाली

भिंगरीच्या घरात खाकी कव्हर नसलेल्या गोष्टी मोजायच्या तर माणसांपासूनच सुरुवात करावी लागली असती. तिच्या आजोबांनी सेहेचाळीस वर्षं पुस्तकं बांधली होती. दुकान बंद केलं, पण हात काही बंद होईनात. मग त्यांनी घरातल्या पुढच्या खोलीत खळीचं भांडं, दाभण, दोरा आणि पुठ्ठे मांडले आणि सापडेल त्याला कव्हर घालायचा सपाटा लावला. शाळेच्या वह्या झाल्या, आईची पाककृतींची वही झाली, फ्रिजबरोबर आलेलं माहितीपुस्तकसुद्धा झालं. सगळी एकाच खाकी कागदात, सगळ्यांच्या कडा सुरीसारख्या, आणि सगळ्यांवर आजोबांच्या वळणदार, किंचित डावीकडे झुकलेल्या अक्षरातलं लेबल. भिंगरीचे बाबा म्हणायचे, "या घरात मी दोन मिनिटं स्वस्थ बसलो, तर मलाही कव्हर घालतील." पण बाबा बाटल्यांच्या कारखान्यात पाळीवर असायचे आणि दोन मिनिटं स्वस्थ कधी बसायचेच नाहीत. म्हणून वाचले.

आजोबांना आणखी एक सवय होती. दर पाऊण तासाने ते उठायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "जरा दिवा बघून येतो."

दिवा म्हणजे बाथरूमचा. तो चालू राहिला नाही ना, हे बघायला ते जायचे. जगात कुठल्याच दिव्याची कुणी इतकी काळजी घेतली नसेल. जेवणाच्या मध्येच दिवा, पाहुण्यांच्या मध्येच दिवा, आणि टीव्हीवर सिनेमा असला तर नायकाचं लग्न होईपर्यंत तीनदा दिवा. घरात सगळ्यांना सगळं कळत होतं आणि कुणी काही बोलत नव्हतं. कुणाला काही कळतच नाही, असं फक्त आजोबांना वाटत होतं. एकूण मामला अगदी सुरळीत चालला होता.

घोळ केला तो शाळेच्या नाटकाने.

मागच्या वर्षी भिंगरी नाटकात पोस्टमन झाली होती. एकच प्रवेश, दीड मिनिटाचा. आजोबा नाटकभर तीन वेळा शाळेचा दिवा बघायला गेले आणि दुसऱ्या वेळी नेमकी त्या दीड मिनिटात पत्रं वाटून झाली. नाटक संपल्यावर ते म्हणाले, "झकास झालं हं तुझं काम!"

"काय आणलं होतं मी पत्रात?"

आजोबांनी घसा खाकरला. "आवाज... आवाज खणखणीत होता."

भिंगरी हसली आणि विषय संपला. पण आजोबांच्या मनातून तो संपला नव्हता. या वर्षी तर ती न्यायाधीश होती, मुख्य भूमिका! सव्वादोन तासांचं नाटक, मध्यंतर नाही, आणि खरा निकाल अगदी शेवटच्या पाच मिनिटांत.

"आजोबा, पहिली रांग. मधली खुर्ची. कडेची चालणार नाही. आणि शेवटपर्यंत!"

"शेवटपर्यंत," आजोबा ठामपणे म्हणाले आणि लगेच दिवा बघायला गेले.

त्यानंतर ते कुणालाही न सांगता एकटेच दवाखान्यात गेले. या दुखण्याचे डॉक्टर बाहेरगावाहून यायचे, दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आणि शुक्रवारी. आजोबांच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या मिशांचे कुणी वयस्कर गृहस्थ होते. आत बघतात तर खुर्चीवर एक तरुण डॉक्टरबाई! आजोबांच्या तोंडचं पाणी पळालं. पहिली दहा मिनिटं त्यांनी फक्त बाथरूमच्या दिव्याची तक्रार सांगितली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रात्री किती वेळा जाता दिवा बघायला?"

तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली.

"वयाप्रमाणे तुमची प्रोस्टेट ग्रंथी वाढलीय, आजोबा. लघवीच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी दाब येतो. म्हणून धार बारीक होते आणि पुन्हा पुन्हा जावं लागतं."

"म्हणजे... कापणार?" आजोबांनी फरशीला विचारलं. बाईंकडे बघायची त्यांची छाती नव्हती.

"कापायचं नाही. खिडकीचे पडदे आपण दोन्ही बाजूंना ओढून बांधून ठेवतो ना, तसं. दोन-चार बारीक टाके घालून ग्रंथी बाजूला ओढून धरायची, की वाट मोकळी. थोड्या वेळाचं काम. संध्याकाळी घरी."

आजोबांनी पहिल्यांदाच मान वर केली. "शिवून?"

"शिवूनच म्हणा."

"अहो, मग हे बांधणीचंच काम की! दोरा कुठला वापरता?"

असा प्रश्न बाईंना आजवर कुणी विचारला नव्हता. त्या हसल्या. "पण हे सगळ्यांना चालतंच असं नाही. तीन दिवसांची नोंद ठेवा. किती वाजता, किती मिली, रंग कसा, काही त्रास झाला का. पुढच्या महिन्यात पहिल्या गुरुवारी वही घेऊन या. सगळं ठीक दिसलं तर शुक्रवारीच करून टाकू. नाहीतर त्याच्या पुढच्या महिन्यात."

आजोबांनी बोटं मोजली. पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी नाटक. पहिल्या शुक्रवारी टाके पडले तर मध्ये तीन आठवडे मिळत होते. शुक्रवार हुकला, तर नाटकही हुकलं.

आता मिली मोजायला माप हवं. आजोबा गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात गेले, जिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं, आणि एक पारदर्शक प्लॅस्टिकचा आकडेवाला मग घेऊन आले. तो त्यांनी खळीच्या भांड्यामागे लपवला. आणि नेमकी सोमवारी सकाळी भिंगरीची आई खळ शोधत आली.

"अगंबाई! आप्पा, हे कधी आणलंत? किती छान माप आहे! मी स्वयंपाकघरात नेते, मला कधीपासून हवं होतं असं काही..."

"नको!" आजोबा इतक्या जोरात ओरडले की आईच्या हातून खळीचं झाकणच पडलं. "ते भिंगरीचं आहे. प्रयोगाचं. रसायन!"

"मग काय झालं? घासून घेते की."

"विषारी रसायन!"

आईने तो मग दोन बोटांनी उचलून जागच्या जागी ठेवला. 'ताकाला जाऊन भांडं लपवणे' या म्हणीचा वाक्यात उपयोग भिंगरीने आठवीतच करून दाखवला होता. आजोबांनी प्रत्यक्षात करून दाखवला.

एक थाप मारली की तिला टेकू द्यायला दुसरी लागते. मगाची चौकशी झाली, तशी वहीचीही होणारच. आजोबांनी आठ पानांची सुबक वही शिवली, लाल शाईने रकाने आखले, खाकी कव्हर घातलं आणि लेबलवर झोकदार अक्षरात लिहून टाकलं : 'रसायनशास्त्र – प्रयोगवही'. असं लेबल त्यांनी महिन्यापूर्वीच भिंगरीसाठी केलं होतं, त्यामुळे हात बसलेला होता. तीन दिवस त्यांनी इमानेइतबारे नोंदी केल्या. खोटं लेबल लावलेल्या वहीत इतकं खरं आजवर कुणी लिहिलं नसेल.

बुधवारी संध्याकाळी भिंगरी तिची वही घेऊन आली. "आजोबा, पानं सुटली! उद्या तपासायला द्यायचीय, मार्क आहेत त्यावर." आजोबांनी टाके घालून दिले आणि वही दाराजवळच्या छोट्या टेबलावर ठेवली.

गुरुवारी सकाळी ते दवाखान्यात जायला निघाले. आपली वही त्यांनी बुटांचे बंद बांधण्यापुरती त्याच टेबलावर, भिंगरीच्या वहीवर ठेवली. एक बंद बांधून झाला आणि काय होणार? दिवा! आजोबा एका बुटाने लंगडत आत गेले. तेवढ्यात भिंगरी, जिचं नाव उगाच भिंगरी पडलेलं नव्हतं, एका हातात डबा आणि तोंडात बिस्किट घेऊन गरगरत आली, वरची वही उचलली आणि गेलीसुद्धा. आजोबांनी परत येऊन उरलेली वही वर्तमानपत्रात गुंडाळली, कुणाला दिसू नये म्हणून वरून सुतळी बांधली आणि निघाले.

शाळेत रसायनाच्या सरांना सगळी मुलं 'थेंबसर' म्हणायची. टायट्रेशन म्हणजे ब्युरेट नावाच्या लांब नळीतून खालच्या शंकुपात्रात द्रव सोडायचा आणि रंग बदलला की थांबायचं. ते चाललेलं असताना सर प्रत्येकाच्या मागे उभे राहून म्हणायचे, "घाई नको. शेवटी थेंब थेंब!" त्यांचीही एक सवय होती. तासाला दोन-तीनदा ते स्टोअररूमच्या बाजूला जायचे. "जरा बाटल्या बघून येतो," म्हणायचे. तेवढ्या वेळात अख्खा वर्ग एकमेकांचे आकडे उतरवून घ्यायचा.

त्या दिवशी सर वह्या तपासता तपासता एका वहीवर थांबले.

"भिंगरी, उभी राहा. या नोंदी तू स्वतः केल्यास?"

"हो सर! एकूण एक."

न्यायाधीशाची भूमिका मिळाल्यापासून भिंगरीने ठरवलं होतं, की 'माहीत नाही' हे दोन शब्द यापुढे तोंडातून काढायचे नाहीत.

"पहाटे दोन चाळीसला?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. भिंगरीला काही आठवत नव्हतं, पण ती बधली नाही. "मेहनत आहे, सर."

"नव्वद मिली. रंग फिकट पिवळा. शेरा : घाई झाली."

"झाली होती, सर. मान्य. पुन्हा नाही होणार."

"सव्वाचार. एकशे दहा मिली. शेरा : पाच मिनिटं वाट बघावी लागली. शेजारचा नळ सोडल्यावर सुरुवात झाली."

"ब्युरेटचा नळ, सर! घट्ट झालाय तो. मी मागेच सांगणार होते."

"शेवटी..." सरांचा आवाज हळू झाला. "शेवटी थेंब थेंब."

"तुमचंच वाक्य, सर!" भिंगरी अभिमानाने म्हणाली, आणि वर्गात हशा पिकला.

सर मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि फार दिवसांनी घरचं पत्र यावं तसं ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग भिंगरीला बाहेर बोलावलं.

"घरात वयस्कर कोण आहे?"

"आजोबा. एक्काहत्तर. का, सर?"

सरांनी वही तिच्या हातात दिली. भिंगरीने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि तिचे कान लाल झाले. पानापानावर ते डावीकडे झुकलेलं अक्षर. शेवटच्या पानावर वेळेच्या, मिलीच्या आणि रंगाच्या रकान्यांत काहीच नव्हतं. फक्त शेऱ्यात लिहिलं होतं :

'नाटक सव्वादोन तासांचं आहे. मध्यंतर नाही. मधल्या खुर्चीवर बसता येईल का, हे गुरुवारी दवाखान्यात डॉक्टरबाईंना विचारणे. लाजायचं नाही.'

भिंगरी पूर्ण अर्धं मिनिट गप्प राहिली. शाळेत हा विक्रम होता. मागच्या वर्षीचा पोस्टमन तिला आठवला, आणि आजोबांचं ते 'आवाज खणखणीत होता'सुद्धा आठवलं. मग एकदम तिच्या डोक्यात दुसराच उजेड पडला.

"सर! म्हणजे माझी वही डॉक्टरांकडे गेली!"

"तुझ्या वहीत शेवटचा रंग कोणता आहे?"

"गुलाबी."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"पळ!" उभ्या आयुष्यात कधी घाई न केलेले सर ओरडले. त्यांनी खिशातली चिठ्ठी काढून फाटकावर दाखवायची परवानगी लिहून दिली. कारणाच्या जागी लिहिलं, 'रसायन'. ती पळायला लागली तसे मागून पुन्हा म्हणाले, "आणि ऐक, त्या डॉक्टरांचं नाव जरा विचारून ये. सहज. माझा एक मित्र आहे..." त्यांनी घसा खाकरला. "बरं, मी बाटल्या बघून येतो."

इकडे दवाखान्यात बाकावर सात म्हातारे बसले होते आणि सातही जण दुसऱ्याच कुणासाठी आल्यासारखे बसले होते. "मी आपला मेव्हण्याला सोबत आलोय," आजोबांच्या शेजारचे जाड काका म्हणाले. पलीकडचे म्हणाले, "मीपण." मेव्हणा कुठेच दिसत नव्हता.

आजोबांचा नंबर तेविसावा. आत गेल्यावर त्यांनी सुतळी सोडली, वही टेबलावर ठेवली आणि नजर फरशीवर रोवली.

"वा, काय सुंदर वही!" डॉक्टरबाई म्हणाल्या. पान उलटलं. "आजोबा, पहिल्यांदा वीस पूर्णांक पाच मिली. दुसऱ्यांदा वीस पूर्णांक चार. तिसऱ्यांदा पुन्हा वीस पूर्णांक पाच?"

आजोबांना आकडे लहान वाटले. पण मान वर करायची म्हणजे बाईंकडे बघावं लागणार. डॉक्टर लोक वेगळ्या मापात मोजत असतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. "चोख काम करायची सवय आहे मला."

"पण दशांशात कसं मोजलंत?"

"चष्मा लावून."

"बरं. आणि हे 'शंकुपात्रात घेतले'?"

"प्लॅस्टिकचं आहे. धरायला कान आहे त्याला."

"'पात्र सतत हलवत राहावे'... हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," आजोबा गडबडले. "पण तुम्ही म्हणत असाल तर हलवीन."

बाईंनी पान उलटलं आणि त्यांचा आवाजच बदलला. "गुलाबी? 'एक थेंब पडताच गुलाबी. हलवल्यावर रंग नाहीसा. पुन्हा एक थेंब, रंग टिकला.' आजोबा, हे कधीपासून होतंय?"

"काय कधीपासून?"

"आणि ही काय खबरदारी लिहिलीय! 'पिपेटने द्रव तोंडाने ओढू नये.'" बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो आजोबा, तोंडाने?"

"डॉक्टरबाई!" आजोबांचा आवाज थरथरला. "मी पुस्तकं बांधणारा सभ्य माणूस आहे!"

इथे त्यांनी मान वर करून वहीत बघितलं असतं तर गोष्ट संपली असती. पण संतापाने म्हणा, धसक्याने म्हणा, त्यांना त्याच क्षणी दिवा आठवला. ते तडक बाहेर पडले. परत आले तेव्हा नर्स दारातच उभी होती.

"उद्याचं रद्द केलंय, आजोबा. आधी गुलाबी रंगाचं कारण शोधायचं, तपासण्या करायच्या. टाके पुढच्या महिन्यात. आणि तुमच्या घरी फोन केलाय, तुम्ही मोजता ते भांडं घेऊन यायला सांगितलंय."

आजोबा मटकन बाकावर बसले. रंगाचं काय, मिलीचं काय, त्यांच्या काही डोक्यात शिरलं नव्हतं. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तेवढी दिसत होती आणि ती रिकामी होती.

"काय म्हणाले तुमच्या मेव्हण्याचं?" जाड काकांनी हळूच विचारलं.

"पुढच्या महिन्यात," आजोबा म्हणाले. "पण त्याला उशीर होईल."

तेवढ्यात भिंगरीची आई धापा टाकत आली. "आप्पा! रक्त जातंय आणि तुम्ही मला सांगितलंसुद्धा नाही? मी काय परकी आहे?" तिचे डोळे भरले होते आणि आवाज चढला होता. तिने पिशवीतून मग काढला आणि सगळ्या बाकासमोर उंच धरला. "आणि हे! मी हे स्वयंपाकघरात नेत होते! चहाचं पाणी मोजायला!"

सातही म्हाताऱ्यांनी मगाकडे बघितलं. ती नजर अनोळखी वस्तूकडे बघायची नव्हती.

"असाच आहे माझ्याकडे," जाड काकांच्या तोंडून निघून गेलं. "पण त्यावरचे आकडे पुसट आहेत. हा कुठे मिळाला?"

"तुमच्या मेव्हण्याकडे आहे ना?" पलीकडच्यांनी विचारलं.

"गप्प बसा हो. तुमच्याकडेही असणार."

आणि मग दार ढकलून, दप्तर एका खांद्यावर, वेणी सुटलेली, अशी भिंगरी आत घुसली. "थांबा!" न्यायाधीशाच्या आवाजात ती गरजली. "कुणीही निकाल देऊ नका! ती वही माझी आहे. खरी ही आहे. गुलाबी रंग माझा आहे!"

डॉक्टरबाई बाहेर आल्या. भिंगरीने एका दमात टायट्रेशन, शंकुपात्र, पिपेट आणि दाराजवळचं टेबल, सगळं सांगून टाकलं. बाई दोन्ही खाकी वह्या हातात घेऊन बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की नर्सने त्यांना पाणी आणून दिलं. "तरीच म्हटलं, तोंडाने कसं..."

मग त्यांनी खरी वही तिथेच उभ्या उभ्या वाचली. एकेक पान उलटताना त्यांचा चेहरा मोकळा होत गेला. शेवटच्या पानावर त्या थांबल्या.

"आजोबा, वर बघा."

आजोबांनी फरशी सोडली.

"येईल बसता. मधल्या खुर्चीवर. उद्या सकाळी आठला या. एवढी चोख नोंद मला आजवर कुणी दिली नव्हती."

आजोबांनी आईच्या हातातला मग घेतला आणि उगाच रुमालाने पुसला.

"आणि आप्पा," आई नाक ओढत म्हणाली, "तो दिवा. गेली चार वर्षं तुम्ही बघून आलात ना, की तो चालूच असतो. रोज मी बंद करते. तेव्हाच नाही का मला कळलं?"

शुक्रवारी टाके पडले. आजोबा सगळा वेळ जागे होते आणि डोक्यापाशी बसलेल्या नर्सला प्रश्न विचारून त्यांनी भंडावलं. "किती झाले? चार? दोन्हीकडे सारखे ना? एका बाजूला ओढ जास्त झाली की पान वाकडं उघडतं, सांगा बाईंना." संध्याकाळी ते घरी होते. पहिले काही दिवस जळजळ आणि कुरकुर दोन्ही झाली. मग पाऊण तासाचा दीड तास झाला. तिसऱ्या आठवड्यात एकदा आजोबा जेवायला बसले, जेवले, वर गप्पाही मारल्या आणि उठले ते हात धुवायला. घरात कुणी काही बोललं नाही. आईने नुसतं जाऊन दिव्याचं बटण बघितलं. बंद होतं.

भिंगरीची वहीही तपासून आली. दहापैकी नऊ. एक मार्क कापला होता आणि खाली सरांनी लाल शाईत लिहिलं होतं : 'घाई झाली.'

शनिवारी सभागृह गच्च भरलं. पहिल्या रांगेत बरोबर मध्ये आजोबा. डावीकडे आई, उजवीकडे थेंबसर. पडदा उघडला. पहिला तास गेला. दीड तास गेला. स्टेजवरून भिंगरीला दिसत होतं, आजोबा हलले नव्हते. पायावर पाय टाकून, हात बांधून, तोंड किंचित उघडं ठेवून बघत होते. दोन तास झाले, आणि शेवटचा प्रवेश आला. भिंगरीने लाकडी हातोडा आपटला.

"निकाल लागेपर्यंत या न्यायालयात कुणीही जागचं हलणार नाही!"

आणि पहिल्या रांगेत कुणीतरी उठलं.

आजोबा? नाही. आजोबा होते तिथेच होते. उठले होते ते थेंबसर. कमरेत वाकून, सगळ्यांच्या गुडघ्यांवर आपटत, त्या चिडीचूप शांततेत तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं ते कुजबुजत होते, "जरा... बाटल्या बघून येतो."

कुणीतरी खिदळलं. सर मध्येच अवघडून उभे राहिले. त्यांना पुढे जाता येईना, मागे येता येईना.

भिंगरीने हातोडा पुन्हा उचलला. "त्यांना वाट द्या! एक महत्त्वाचे साक्षीदार परत येईपर्यंत न्यायालय थांबेल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाटकातलंच आहे असं त्यांना वाटलं. पडद्यामागे मात्र नाटक बसवणाऱ्या बाईंना घाम फुटला. भिंगरीने आरोपीला त्याचं नाव पुन्हा विचारलं, पत्ता विचारला, शिक्षण विचारलं. आरोपीला सहावीत किती मार्क पडले होते हे सांगून होत आलं, तेव्हा कुठे सर परत आले.

त्यांच्या खुर्चीवर एक पातळ वही ठेवलेली होती. खाकी कव्हर, कडा सुरीसारख्या. स्टेजच्या उजेडात सरांनी लेबल वाचलं : 'रसायनशास्त्र – प्रयोगवही'. त्यांनी दचकून आजोबांकडे बघितलं.

आजोबांची नजर स्टेजवरून ढळली नाही.

"तीन दिवसांची आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "रकाने आखून दिलेत. घाई करू नका. आणि आता गप्प बसा हो, सर. माझी नात निकाल देतेय."